आधी हिशेब, मग शांतता

"झालं ते झालं. आता मान्य करा आणि पुढे चला."

२०१७ च्या ऑगस्टमध्ये नैरोबीत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की शेवटी त्याची शिसारी आली. दुकानदार तेच म्हणत होते, बँकेतले साहेब तेच म्हणत होते, टीव्हीवरचे पाद्रीही तेच. सगळ्यांत जास्त म्हणत होती आपली माणसं. गणपती बसले होते. आरती झाली, प्रसाद हातात पडला आणि मी राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीवर न्यायालयात चाललेल्या सुनावणीचा विषय काढला. मंडळातले एक ज्येष्ठ काका म्हणाले, "अहो, बाप्पासमोर तरी राजकारण नको. कोण जिंकलं याच्याशी आपल्याला काय करायचंय? शांतता राहिली म्हणजे मिळवली." आजूबाजूच्या दहाबारा माना डोलल्या. मी वयाचा मान राखून गप्प बसलो. ती माझी चूक होती. तेव्हा जे बोलायला हवं होतं ते आज लिहितो आहे.

मी हिशेबनीस आहे. १९९८ पासून या शहरात लोकांच्या वह्या तपासतो. इथलं नागरिकत्व घेतलं, मतदार यादीत नाव घातलं. ८ ऑगस्टला पार्कलँड्समधल्या एका शाळेत पहाटेपासून रांगेत उभा राहून मत दिलं. कुणाला दिलं ते सांगणार नाही, कारण या लेखाशी त्याचा काही संबंध नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा त्या शाळेत गेलो. वर्गाच्या दारावर चिकटपट्टीने एक कागद लावला होता. वर छापलेला मथळा, खाली आठ उमेदवारांची नावं, प्रत्येकापुढे शाईने लिहिलेला आकडा, बाद मतांचा आकडा आणि सगळ्यात खाली केंद्राध्यक्षाची व पक्षांच्या प्रतिनिधींची सही. एका सहीवर शाई फिसकटली होती. रात्रभर त्या लोकांनी एकेक मतपत्रिका वर धरून, सगळ्यांना दाखवून मोजली होती. मी फोनवर त्या कागदाचा फोटो काढला.

त्या कागदाला म्हणतात फॉर्म ३४ ए. केनियाची निवडणूक त्याच्यावर उभी असते. एका केंद्रात जास्तीत जास्त सातशे मतदार, आणि देशभरात अशी चाळीस हजारांहून जास्त केंद्रं. केंद्राकेंद्राचे ३४ ए मिळून मतदारसंघाचा ३४ बी होतो. सगळे ३४ बी मिळून देशाचा ३४ सी होतो आणि त्यावरून राष्ट्राध्यक्ष ठरतो. त्याच वर्षी जून महिन्यात इथल्या अपील न्यायालयाने बजावलं होतं की मतदारसंघात जाहीर झालेला निकाल अंतिम, नैरोबीत बसलेल्या कुणालाही तो बदलण्याचा अधिकार नाही. माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर ३४ ए म्हणजे व्हाउचर, ३४ बी म्हणजे खतावणी आणि ३४ सी म्हणजे ताळेबंद. व्हाउचरवाचून ताळेबंद होत नाही, हे पेढीवरच्या नव्या पोरालाही कळतं.

पण मतदान संपलं त्या संध्याकाळपासून टीव्हीवर ताळेबंदच धावायला लागला. आकडे येत होते, त्यांच्यामागचे कागद येत नव्हते. ११ ऑगस्टच्या रात्री निवडणूक आयोगाचे अध्यक्ष वफुला चेबुकाटी यांनी सत्तेवर असलेले राष्ट्राध्यक्ष उहुरू केन्याटा यांना ५४ टक्के मतं देऊन विजयी घोषित केलं. विरोधी नेते राइला ओडिंगा सुमारे ४५ टक्क्यांवर, फरक १४ लाखांहून अधिक. त्या क्षणी आयोगाकडे सगळे ३४ ए आलेलेच नव्हते. व्हाउचर नसलेली वही माझ्या टेबलावर आली तर मी सही करत नाही, गिऱ्हाईक कितीही मोठं असो. इथे एका देशाच्या पाच वर्षांवर सही झाली आणि वर आम्हाला सांगितलं गेलं की शंका घेणारा देशाचा वैरी आहे.

शंका आकाशातून पडलेली नव्हती. ज्या माणसाच्या हाती निकाल पाठवण्याची यंत्रणा होती, तो आयोगाचा तंत्रज्ञान व्यवस्थापक ख्रिस मसांडो मतदानाच्या दहा दिवस आधी नैरोबीबाहेर मृतावस्थेत सापडला. अंगावर छळाच्या खुणा होत्या. यंत्रणा चोख चालेल हे सांगायला तोच टीव्हीवर येत असे. तो खून आजवर उलगडलेला नाही. कोणत्याही सभ्य देशात एवढ्या एका गोष्टीवरून निवडणुकीकडे दहा डोळ्यांनी पाहिलं गेलं असतं. आमच्याकडे दोन दिवस हळहळ झाली आणि मग पुन्हा "शांतता राखा".

परदेशी निरीक्षकांनी तर लाज आणली. जॉन केरी, थाबो म्बेकी यांच्यासारखी मोठमोठी माणसं आली होती. त्यांनी मतदानाच्या रांगा पाहिल्या, बोटाची शाई पाहिली, मोजणी पाहिली आणि समाधान व्यक्त केलं. हरणाऱ्यांना संयमाचा उपदेशही केला. मोजलेला आकडा केंद्रातून नैरोबीपर्यंत पोहोचताना काय झालं, हे पाहायचं मात्र राहून गेलं. तपासायला आलेल्या माणसाने गल्ल्यातली रोकड मोजावी आणि वही न उघडता दाखला द्यावा, असा हा प्रकार. मी असं काम केलं असतं तर माझा परवाना गेला असता.

आणि ज्या शांततेचे गोडवे गायले जात होते ती शांतता कशी होती? किसुमूत पोलिसांनी रात्री घरात घुसून केलेल्या मारहाणीत सहा महिन्यांची एक मुलगी दगावली. नैरोबीच्या मथारे वस्तीत नऊ वर्षांची एक मुलगी घराच्या गॅलरीत गोळी लागून मेली. दोघींनीही दगड उचलला नव्हता, टायर जाळलं नव्हतं. त्या पार्कलँड्समध्ये राहत नव्हत्या, म्हणून आमच्या गल्लीत शांतता होती. दुसऱ्याच्या दारातलं रक्त आपल्या उंबरठ्यापर्यंत आलं नाही की त्याला शांतता म्हणायचं, ही सवय मला सगळ्यात घाणेरडी वाटते.

आता सर्वोच्च न्यायालयाचं सांगतो, कारण त्या महिन्यात या देशात कुणी ताठ उभं राहिलं असेल तर ते न्यायालय. केनियाच्या २०१० च्या राज्यघटनेने काम चोख बांधून दिलं आहे. निकालानंतर सात दिवसांत अर्ज, अर्जानंतर चौदा दिवसांत निवाडा. १८ ऑगस्टला ओडिंगांचा अर्ज दाखल झाला. न्यायालयाने आयोगाला हुकूम केला की तुमच्या सर्व्हरची तपासणी करू द्या. आयोगाने ती हवी तशी करू दिली नाही. कर नाही त्याला डर कशाला? चार बटणं दाबून देश शांत करता आला असता, पण कुलूप तसंच राहिलं. अकरा हजारांहून जास्त केंद्रांवर नेटवर्क नव्हतं, हे कारण पुढे केलं गेलं. मग मतदानाच्या आधी सगळी तयारी झाल्याची ग्वाही कशाच्या बळावर दिली होती?

न्यायालयाच्या देखरेखीत कागद तपासले गेले तेव्हा काय निघालं ते प्रत्येकाने वाचावं. ज्या ३४ सी वर राष्ट्राध्यक्षाचं नाव ठरलं, त्या कागदावर ना वॉटरमार्क होता ना अनुक्रमांक. एखाद्या पतपेढीची मुदत ठेवीची पावती अशी निघाली असती तर आपल्या काकांनी तिथे रात्रभर ठिय्या दिला असता. देशाच्या पावतीबद्दल मात्र त्यांचं म्हणणं, बाप्पासमोर विषय नको.

१ सप्टेंबरला सरन्यायाधीश डेव्हिड मरागा यांनी निवाडा वाचला. चार विरुद्ध दोन. निवडणूक रद्द, साठ दिवसांत पुन्हा घ्या. सत्तेवरच्या राष्ट्राध्यक्षाची निवडणूक न्यायालयाने मोडीत काढली, असं आफ्रिकेत पहिल्यांदाच घडलं. निवाड्यातला गाभा साधा होता: निवडणूक म्हणजे फक्त शेवटचा आकडा नाही. मत पडल्यापासून आकडा जाहीर होईपर्यंतची सगळी वाट म्हणजे निवडणूक, आणि वाट काळोखात असेल तर आकड्याला अर्थ नाही.

आमच्या इमारतीच्या फाटकावरचा अस्कारी, म्हणजे रखवालदार, छोट्या रेडिओला कान लावून उभा होता. सियाया जिल्ह्याकडचा माणूस, नोकरीला दहा वर्षं झालेली. मी खाली उतरलो तर त्याचे डोळे भरलेले. तो म्हणाला, "बॉस, माझं मत मोजलं का ते अजून मला माहीत नाही. पण मी विचारलं, आणि कुणीतरी ऐकलं." एवढंच. त्याला सत्ता नको होती, पैसा नको होता, त्याला उत्तर हवं होतं. दुसऱ्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं, "आता पुन्हा दोन महिने धंदा बसणार!" हा आवाज मराठी होता.

पुढे जे झालं ते आणखी काळं आहे आणि ते विसरून चालणार नाही. खुद्द राष्ट्राध्यक्षांनी भर सभेत न्यायाधीशांना "वाकोरा" म्हटलं. स्वाहिलीत याचा अर्थ भामटे. आणि या न्यायालयाकडे आम्ही नंतर बघून घेऊ, असा इशाराही दिला. सत्तेवर बसलेला माणूस न्यायाधीशाला "बघून घेतो" म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ खेड्यातल्या पोरालाही कळतो. आयोगाच्या सदस्य रोझलिन अकोंबे देश सोडून न्यूयॉर्कला गेल्या आणि १८ ऑक्टोबरला तिथून राजीनामा दिला. २४ ऑक्टोबरला उपसरन्यायाधीश फिलोमेना म्विलू यांच्या चालकावर गोळ्या झाडल्या गेल्या. दुसऱ्याच दिवशी फेरमतदान थांबवण्याच्या अर्जाची सुनावणी होती. पाच न्यायाधीश लागतात, आले दोघे. सुनावणी झालीच नाही. २६ ऑक्टोबरला ओडिंगांच्या बहिष्कारात मतदान झालं. किसुमूसह चार जिल्ह्यांत तर झालंच नाही. देशभरात मतदार आले सुमारे ३९ टक्के आणि केन्याटांना मिळाली ९८ टक्के मतं. विरोधकच रिंगणात नाही, निम्म्याहून जास्त देश घरी बसलेला, अशा ९८ टक्क्यांना मी विजय म्हणत नाही.

लोक म्हणतात, मग न्यायालयाच्या निवाड्याचा उपयोग काय झाला? शेवटी तोच माणूस खुर्चीवर बसला ना? हा युक्तिवाद मी खूप ऐकला, आणि तो करणारा प्रत्येक जण २०२२ विसरतो. त्या वर्षी आयोगाने केंद्राकेंद्राचे ३४ ए सगळ्यांसाठी संकेतस्थळावर टाकले. ४६ हजारांहून जास्त केंद्रांचे कागद कुणीही उतरवून घ्यावेत, बेरीज करावी. वृत्तपत्रांनी केली, विद्यार्थ्यांनी केली, मीही माझ्या वर्गाच्या दारावरच्या नव्या कागदाचा फोटो घेऊन ताडून पाहिला. शेवटच्या आकड्यापर्यंत जुळला. विल्यम रुटो अवघ्या सव्वादोन-अडीच लाखांच्या फरकाने जिंकले. सातपैकी चार आयुक्तांनी निकालाशी संबंध नाकारला, तरी कागद लोकांच्या हातात होते. ओडिंगा न्यायालयात गेले आणि ५ सप्टेंबरला सातही न्यायाधीशांनी त्यांचा अर्ज फेटाळला. देश पेटला नाही. पाच वर्षांपूर्वी ज्यांनी व्हाउचर दाखवा म्हणून हट्ट धरला, त्यांच्यामुळे ते व्हाउचर आता प्रत्येकाच्या फोनमध्ये होते. या वेळी त्या व्हाउचरांनी हट्ट धरणाऱ्यालाच हरवलं. हीच तर खऱ्या हिशेबाची खूण आहे. तो कुणाचीच बाजू घेत नाही. ओडिंगा आता हयात नाहीत. गेल्या वर्षी, २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये, उपचारासाठी केरळात आले असताना ते गेले. मी त्यांचा कार्यकर्ता कधीच नव्हतो. पण २०१७ मध्ये कागद मागताना ते बरोबर होते, आणि हे म्हणायला मला त्यांच्या पक्षात असण्याची गरज नाही.

आता आपल्या माणसांशी थेट बोलतो.

२०१७ च्या जुलैमध्ये, मतदानाला तीन आठवड्यांहून कमी दिवस उरले असताना, सरकारने भारतीय वंशाच्या लोकांना केनियाची ४४ वी जमात म्हणून मान्यता दिली. आपल्याकडे पेढे वाटले गेले. शंभर-सव्वाशे वर्षांनी या मातीने आपल्याला आपलं म्हटलं, याचा आनंद मलाही झाला. पण तीन आठवड्यांनी त्याच मातीच्या माणसांनी विचारलं की आमच्या मतांचं काय झालं, तेव्हा आपण काय केलं? गव्हाच्या पिठाची पोती भरली, डाळी भरल्या, मुंबईची तिकिटं काढली. मागे राहिलेल्यांनी शांततेचे संदेश फिरवले. जमात म्हणून मान हवा, पण जमातीची जबाबदारी आली की आपण पाहुणे. हे चालणार नाही.

मला भीती कळते. २००७ च्या डिसेंबरमधल्या निवडणुकीच्या वेळी मी इथेच होतो. घाईघाईने संध्याकाळी उरकलेला राष्ट्राध्यक्ष म्वाई किबाकींचा शपथविधी, एल्डोरेटजवळ माणसांसह जाळलेलं चर्च, हजाराहून जास्त मृत्यू, सहा लाख लोक बेघर. किसुमूत आपल्या लोकांची दुकानं लुटली आणि जाळली गेली, त्यातले काही माझे अशील होते. त्यांच्या जळक्या वह्या मी हातात घेतल्या आहेत. म्हणून तर सांगतो, निदान उलटं करू नका. २००७ मध्ये आग लागली कारण हरलेल्याला विश्वासाने जाता येईल असं न्यायालय नव्हतं, आणि खरा आकडा कुणाकडेच नव्हता. पुढे त्या निवडणुकीची चौकशी करणाऱ्या क्रीग्लर आयोगाने लिहूनच ठेवलं की खरं कोण जिंकलं हे सांगणं अशक्य आहे. प्रश्न विचारल्याने दुकानं जळली नाहीत. प्रश्न विचारायची जागाच बंद केली म्हणून जळली. तरीही आपण प्रश्न विचारणाऱ्यालाच दटावतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

"आपण परके, आपलं काय काम?" म्हणणाऱ्यांनी पिओ गामा पिंटोचं नाव आठवावं. मूळचा गोव्याचा, जन्म नैरोबीचा. गोव्याच्या मुक्तीसाठीही तो झगडला आणि केनियाच्या स्वातंत्र्यासाठीही. इंग्रजांनी त्याला वर्षानुवर्षं स्थानबद्ध ठेवलं. स्वातंत्र्यानंतर नव्या सत्ताधाऱ्यांना त्याने जमिनींचा हिशेब विचारला. २४ फेब्रुवारी १९६५ ला त्याला नैरोबीत त्याच्या घरासमोर गोळ्या घातल्या, गाडीत त्याची लहान मुलगी होती. वय अवघं ३७. त्याने कधी म्हटलं नाही की मी पाहुणा आहे.

आणि महाराष्ट्रात बसून हे वाचणाऱ्यांनी "आफ्रिकेत असंच चालायचं" असा सुस्कारा टाकू नये. आपला कायदा म्हणतो की निवडणूक अर्जाचा निकाल सहा महिन्यांत लावण्याचा प्रयत्न करावा. इंदिरा गांधींच्या १९७१ च्या निवडणुकीवरचा अलाहाबाद उच्च न्यायालयाचा निकाल आला १२ जून १९७५ ला, आणि पंधरवड्यात आणीबाणी लागली. विलेपार्ल्याची १९८७ ची पोटनिवडणूक उच्च न्यायालयाने १९८९ मध्ये रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाचा त्यावरचा शेवटचा शब्द आला १९९५ मध्ये. तोवर ती विधानसभाही संपली होती आणि तिच्यापुढचीही. केनियाच्या न्यायालयाला एका देशाच्या राष्ट्राध्यक्षपदाचा निवाडा करायला चौदा दिवस पुरले. ज्याच्याकडून शिकायचं त्याच्याकडे नाक मुरडून पाहू नका.

माझं म्हणणं एकच आहे. हरणाऱ्याला "मान्य कर" म्हणण्याआधी जिंकणाऱ्याला "दाखव" म्हणा. ज्याच्या हातात वही आहे, त्याच्याकडे मागणी करा. पुढे चला म्हणणं फार सोपं असतं, कारण पुढे नेहमी तोच चालतो ज्याचं काही हरवलेलं नसतं. हिशेब मिटवल्याशिवाय मिळालेली शांतता म्हणजे उधारी आहे, आणि २००८ मध्ये ती उधारी कुणाच्या रक्ताने फिटली हे मी पाहिलं आहे.

केनियात पुढचं मतदान १० ऑगस्ट २०२७ ला आहे. नैरोबी, मोंबासा, किसुमू, नाकुरूत राहणाऱ्या आणि इथलं नागरिकत्व असलेल्या प्रत्येक मराठी माणसाला माझी विनंती आहे. त्या आठवड्याचं मुंबईचं तिकीट काढू नका. मत द्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा केंद्रावर जा. वर्गाच्या दारावर एक कागद चिकटवलेला असेल. त्याचा फोटो काढा आणि जपून ठेवा. मंडळात कुणी म्हणालं की बाप्पासमोर हा विषय नको, तर त्यांना तो फोटो दाखवा.